चंद्राला आवाज दाखवला तेव्हा

दसरा झाला की कोल्हापुरात मोटरसायकलींचे सायलेन्सर निघायला लागतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, पोरं माजलीत. थोडीफार माजलेली असतातही. पण आमच्या पेठेत वाढलेल्या माणसाच्या कानावर तो फाटका आवाज पहाटे पडला की त्याला कळतं, दिवाळीचा पाडवा जवळ आला आणि म्हशींची तालीम सुरू झाली. पाडव्याला गवळी आपली म्हैस सजवून रस्त्यावर आणतो. शिंगं रंगवलेली, अंगाला तेल चोपडलेलं, गळ्यात घुंगरांची माळ, कपाळावर मोरपीस. पुढे मालक मोटरसायकलवर आणि मागे त्या आवाजाच्या रोखाने पळत येणारी म्हैस. दोघांच्या मध्ये दोर नसतो. दोर नाही, म्हणून तर माणसं बघायला उभी राहतात.

मी आता गावाच्या कडेला, नव्या कॉलनीत राहतो. इथल्या लोकांना या आवाजाची सवय नाही. परवा सकाळी शेजारचे गृहस्थ गॅलरीत येऊन म्हणाले, "काय हो हे? झोपायचं की नाही माणसानं?" मी हातातला चहा तसाच धरून ऐकत होतो. टू-स्ट्रोक गाडी होती. पहिला गिअर, रेस धरून ठेवलेली, मध्येच जराशी सोडलेली आणि पुन्हा ओढलेली. म्हैस मागे रेंगाळली असणार. "पाडवा झाला की थांबेल," मी म्हटलं. ते आत गेले. चहा निवला होता, तो मी तसाच पिऊन टाकला.

या दिवसांत दुपारी ऊन चटका देतं आणि सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. राधानगरीकडे भात पिवळं पडत असतं. ऊस अजून उभा असतो, कारखान्यांच्या चिमण्या अजून गार असतात. माझ्या नाकात मात्र या हंगामाचा म्हणून वेगळाच वास बसलेला आहे. जळलेलं टू-स्ट्रोक ऑइल, भिजवलेली सरकी पेंड आणि ताजं शेण, हे तिन्ही एकत्र. हा वास कुणाला आवडेल असं मला वाटत नाही. मला तो आवडतो की नाही, हेही मी नक्की सांगू शकणार नाही. पण तो आला की मी थांबतो.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी एका दूध संघात सुपरवायझर होतो आणि माझ्याकडे राधानगरीच्या वरच्या अंगाची गावं होती. गावं म्हणजे एका डोंगरावर चार घरं, दुसऱ्यावर पाच. तिथल्या दूध संस्थांपर्यंत जाणारे रस्ते पावसाळ्यात ओढे असायचे आणि पावसाळा संपला की ओढ्यात राहिलेले दगड. माझ्या साध्या गाडीचं पोट त्या दगडांवर इतक्या वेळा घासलं की शेवटी तिच्या इंजिनातून ऑइल गळायला लागलं. त्याच सुमारास एका मासिकात मी परदेशातल्या उंच मोटरसायकलींचे फोटो पाहिले. वाळवंटातून, नदीच्या पात्रातून, कुठूनही जाणाऱ्या. त्यांच्यावर बसलेल्या माणसांना कुठेही वेळेत पोचायचं नव्हतं, हे फोटोतसुद्धा दिसत होतं. ते माझ्या मनात घर करून बसलं.

तसली गाडी इथे मिळत नव्हती. पण कोल्हापुरात जे मिळत नाही ते उद्यमनगरात बनवून मिळतं. तिथल्या एका गॅरेजच्या मागच्या अंगाला मला ती दिसली. कुणीतरी मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी बनवून घेतली होती, मग त्याचं लग्न ठरलं आणि सासऱ्याने शर्यत बंद केली. शंभर सीसीचं इंजिन, पण अंगकाठी भलत्याच गाडीची. लांब शॉकअॅब्सॉर्बर, दात असलेले टायर, सीटच्या बगलेतून वर निघालेला सायलेन्सर, बैलाच्या शिंगांसारखं रुंद हँडल. आणि पुढचं मडगार्ड चाकापासून हातभर वर, चोचीसारखं पुढे काढलेलं. बसलो तेव्हा पायाचे चवडेच जमिनीला टेकले. मी मनातल्या मनात राधानगरी ओलांडली, दाजीपूरचं जंगल ओलांडलं आणि डांबराला न शिवता कच्च्या वाटांनी गोव्याला पोचलोसुद्धा. गाडी मी त्याच दिवशी घरी आणली.

त्या मडगार्डने मला पुढे फार छळलं. ते तसंच असतं, हे अख्ख्या जिल्ह्यात कुणाला पटत नव्हतं. सिग्नलला, एस.टी. स्टँडपाशी, फाट्यावर, जो तो हात करून सांगायचा. एकदा कोडोलीच्या चौकात एका आजोबांनी मला रस्त्याच्या मधोमध उभं राहून थांबवलं.

"ओ पावणं, मडगाट वर सरकलंय की तुमचं. पडशिला कुठंतरी."

"न्हाय आजोबा, ते तसंच असतंय."

"तसंच असतंय? मग चिखूल कुठं जातोय?"

"तोंडावर."

आजोबांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग उपेग काय?" असं म्हणून ते बाजूला झाले. याचं उत्तर मी घाट चढेपर्यंत शोधत होतो.

गाडी घरी आली त्या दिवशी सगळी गल्ली गोळा झाली. शेजारचे दत्तू मामा धोतराचा सोगा सावरत आले आणि त्यांनी खिशातून लिंबू काढून पुढच्या चाकाखाली ठेवलं. दत्तू मामा गवळी. आमची आणि त्यांची भिंत एक, माझ्या जन्माच्या आधीपासून. आम्ही बौद्ध. आमच्या घरात लिंबू सरबतात पडतं, चाकाखाली नाही, आणि हे मामांना चांगलं ठाऊक होतं. माझे वडील, अप्पा, एस.टी.त ड्रायव्हर होते. त्यांनी वाकून लिंबू उचललं, सदऱ्याला पुसलं आणि म्हणाले, "दत्तू, इंजिनाला ऑइल लागतंय. लिंबू मला दे." मग त्याचं सरबत झालं. आणखी चार लिंबं मामांच्याच घरातून आली आणि सगळ्या गल्लीने ते प्यालं. मामा पेला रिकामा करून म्हणाले, "कुनाच्या का पोटात जाईना, लिंबू गेलं म्हंजे झालं." माझ्या आईने मात्र मागच्या सीटकडे बघून विचारलं, लुगड्यातल्या बाईने हिच्यावर बसायचं कसं?

मामांकडे एके काळी गोठा भरून म्हशी होत्या. तेव्हा एकच उरली होती, चंद्रा. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून चंद्रा. मामा आणि त्यांची जुनी जडशीळ मोटरसायकल यांच्यामागे ती पाडव्याला अशी पळायची की पंचगंगेच्या घाटावरची माणसं शिट्ट्या मारायची. पण त्या वर्षी मामांचे गुडघे गेले. किक मारता येईना, डॉक्टरने गाडी बंद केली आणि ती भंगाराच्या भावात गेली. त्यात श्रावणात चंद्राचं रेडकू जन्मतःच मेलं. दसऱ्याच्या दिवशी मामा आमच्या दारात येऊन बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "औंदा चंद्री दोर लावून फिरवायची पाळी आली, तर मी तिला इकून टाकणार."

मामी, म्हणजे हौसामामी, दाराआडून म्हणाल्या, "दोर लावला तर काय जीव जातोय काय?"

"दोर लावून बकरं बी फिरतंय," मामा म्हणाले. मग माझ्या गाडीकडे हनुवटीने खूण करून त्यांनी विचारलं, "तुझ्या ह्या नाकतोड्याचा आवाज दावायचा काय तिला?"

आवाज दाखवायचा. आमच्याकडे असंच म्हणतात. म्हशीला आवाज ऐकवत नाहीत, दाखवतात. लहानपणापासून ऐकलेला हा शब्द मला कधी खटकला नव्हता. दूध संघात शुद्ध बोलणारे एक साहेब होते, ते हसले तेव्हा मी पहिल्यांदा त्याचा विचार केला. आणि मला तो बरोबर वाटला. ऐकवलेली गोष्ट कानाला लागून जाते. दाखवलेली ओळखायची असते, ही आपली, ही परक्याची, असं ठरवायचं असतं. म्हैस आवाजाचं तेच करते. शंभर गाड्या शेजारून गेल्या तरी ती शेपूट हलवत नाही, आणि आपली एक गल्लीच्या तोंडाशी आली की मान वर करते.

आमची तालीम सुरू झाली. गाडी गोठ्याच्या दाराशी लावायची, सायलेन्सर काढायचा, रेस धरायची आणि मामांनी त्याच वेळी चंद्राच्या पुढ्यात पेंडीचं घमेलं सरकवायचं. आवाज थांबला की घमेलं बाजूला. मी सकाळी फिरतीवर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, असं दोन्ही वेळेला हे चालायचं. त्याच वेळेला मामी धारेला बसायच्या. रेडकू नसल्यामुळे चंद्राला पेंडीवरच पान्हवायला लागायचं, म्हणजे पेंड पुढ्यात आली की ती पान्हा सोडायची. सगळंच एका वेळेत उरकत होतं, याचा आम्हाला आनंदच होता. पहिले काही दिवस चंद्राने पेंड खाल्ली आणि गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. मामा तिला शिव्या द्यायचे, मग शिव्या दिल्याबद्दल तिच्या मानेवरून हात फिरवायचे.

मग एका सकाळी तिने कान फिरवले. फक्त कान, मान नाही. मामांनी माझ्या दंडाला इतक्या जोरात धरलं की संध्याकाळपर्यंत वळ होता.

त्यानंतर आम्ही तिला रस्त्यावर काढलं. मामा ओट्यावर चढायचे, मी गाडी ओट्याला लावायचो आणि ते मागच्या सीटवर उलटे बसायचे. माझ्या पाठीला त्यांची पाठ, तोंड चंद्राकडे. उगवतीला फुलेवाडीच्या रस्त्याने ही वरात निघायची. पुढे मी, मागे "हॅ चंद्रे, ये माझी बाय" असं ओरडणारे मामा, त्यांच्या मागे नाक फेंदारून पळणारी म्हैस. मला मागचं काही दिसायचं नाही. आरसे शर्यतवाल्याने काढून टाकले होते. मामांच्या पाठीवरून मला सगळं कळायचं. पाठ सैल असली की चंद्रा येत आहे, पाठ ताठली की थांबली. मग मी रेस जरा सोडून परत ओढायचो. असं चालण्याच्या वेगाने, पहिल्या गिअरमध्ये, धाप न लागता जाणं त्या गाडीला फार छान जमायचं. डोंगर चढायला म्हणून घेतलेला तिचा दम इथे म्हशीच्या कामी आला.

दिवसभर मी राधानगरीच्या वर असायचो. तिथे ती गाडी आपल्या खऱ्या जागी होती. लाल मातीच्या वाटा, मधूनच वाहणारं पाणी, कापलेल्या भाताचा वास. हँडल सैल धरायचं आणि पायांवर उभं राहायचं, बाकीचं ती बघायची. एकदा दाजीपूरच्या बाजूला एका वळणावर गवा उभा होता. काळाभोर, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. मी इंजिन बंद केलं. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मी त्याच्याकडे. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त असं वाटलं की याला आत्ता आवाज दाखवला तर हा मागे येईल का? हसू आलं आणि ते दाबून धरलं. गवा सावकाश जंगलात शिरला. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर कोकण होतं, ते तिथून जवळ होतं. पण संध्याकाळच्या तालमीला परतायचं होतं. मी गाडी फिरवली.

पाडव्याला चंद्राला पाहून आमची आईसुद्धा म्हणाली की नवरीसारखी दिसते. मामांनी कोरं धोतर नेसलं होतं. पंचगंगेच्या घाटाकडे जाताना गर्दीतला एक जण ओरडला, "मामा, दोर आणलाय न्हवं संगं? म्हातारी चालली तुमची!" मामांची पाठ फळीसारखी झाली. आम्ही निघालो. दोन्हीकडे माणसं, फटाके, इतर गाड्यांचे आवाज, घुंगरं. अर्ध्या वाटेत मामांची पाठ आणखी ताठली आणि ते मान मागे टाकून माझ्या कानाशी म्हणाले, "थांबलीया. फुलवाल्याचा झेंडू खातीया." मी रेस सोडली. क्षणभर इंजिन जवळजवळ बंद पडलं. मग पुन्हा ओढली, गोठ्याच्या दाराशी ओढायचो तशी. गर्दीतून एकदम आरडाओरडा झाला. मामांची पाठ सैल झाली आणि थरथरायला लागली. चंद्रा तोंडात झेंडूची अख्खी माळ लोंबकळत ठेवून पळत येत होती, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. घाटावर कुणीतरी "नाद खुळा!" म्हणून फेटा उडवला. मामा रडत होते. मीही रडलो असेन, नक्की आठवत नाही, धूर फार होता.

चंद्रा राहिली, असं आम्ही समजून चाललो. दुसऱ्या दिवशी मी सायलेन्सर बसवला आणि गोठ्याच्या दाराशी न थांबता सकाळीच फिरतीवर गेलो. संध्याकाळी आलो तर मामी रिकामी बादली घेऊन ओट्यावर बसल्या होत्या.

"सकाळधरनं पान्हा चोरलाय तिनं," त्या म्हणाल्या. "पेंड खाती, पर दूध देत न्हाय."

मामा आतून आले. चंद्राकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "चुकलं की गा. धारंच्या वक्ताला आवाज दावायचा न्हवता."

मी गाडी चालू केली. चंद्राने मान वर केली, हुंकार दिला आणि मामींच्या हाताखाली धार वाजायला लागली. सायलेन्सर असला तरी तिला चालत होता. आवाजाची जात तिला कळली होती. मेलेल्या रेडकाची जागा गाडीने घेतली होती. "आता तूच तिचं रेडकू," मामी मला म्हणाल्या आणि हसता हसता ठसका लागेपर्यंत हसल्या. त्या संध्याकाळी आम्ही सगळेच हसलो.

हसू फार टिकलं नाही. संध्याकाळी मामा चंद्राला गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायचे. तिथे गिऱ्हाईक उभं असतं, म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास तसाच हातात देतात. आता कट्ट्यावर मलाही जावं लागायचं. तालमीतले पैलवान रांगेत उभे, चंद्रा मध्ये, आणि बाजूला मी जागच्या जागी गाडी चालू ठेवून बसलेला. निळा धूर सगळ्यांच्या अंगावरून जायचा. एक पैलवान ग्लास नाकाशी नेऊन म्हणाला, "मामा, ह्यात ऑइल किती टाकता?" मामांनी चंद्राची सवय मोडायचा प्रयत्न केला. शेजारच्या पेठेतून तसल्याच इंजिनाची दुसरी गाडी आणली. चंद्राने तिच्याकडे पाठ केली. मग मी टेपरेकॉर्डरवर माझ्या गाडीचा आवाज भरून कॅसेट आणली. गोठ्यात ती मोठ्याने लावली. चंद्रा टेपकडे टक लावून बघत राहिली, जवळ येऊन तिने तो हुंगला, आणि चाटला. दूध नाही.

मला याचा कंटाळा आला होता, हे सरळच सांगतो. संध्याकाळी कुठे जाता यायचं नाही. रविवारी गोव्याचा विषय काढला की मामी नुसत्या माझ्याकडे बघायच्या. जगात कुठेही जाईल अशी गाडी मी घेतली होती आणि ती मला गोठा ते कट्टा, कट्टा ते गोठा नेत होती. रागात मी गाडी स्टँडवर आपटायचो. मग चंद्रा त्या आवाजालाही मान वर करायची आणि माझा राग अर्धा व्हायचा. पूर्ण जायचा नाही.

संक्रांतीनंतर माझी बदली झाली, नेसरीच्या बाजूला. मी मामांना सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. दोन दिवसांनी गोठ्यात एक हेडी आला. हेडी म्हणजे जनावरांच्या सौद्यातला दलाल. त्याने चंद्राचे दात पाहिले, कास दाबून पाहिली, शेपूट उचलली. मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी दारात होतो. मला राग आला. हेड्याचा, मामांचा, त्या म्हशीचा आणि स्वतःचाही, कारण आपण आता काय बोलणार हे मला बोलायच्या आधीच कळलं होतं आणि ते बोलायची मला अजिबात इच्छा नव्हती.

"गाडी राहू द्या हितंच," मी म्हटलं.

मामा वळले. "आन् तू?"

"एस.टी. हाय की. अप्पांनी जन्मभर तीच चालवली."

"मी फुकटची गाडी ठिवणार न्हाय माझ्या दारात."

"मग कशी ठिवणार?"

मामांनी हेड्याला हाताने जायची खूण केली. बराच वेळ चंद्राच्या पाठीवरचं शेण नखाने काढत राहिले. मग म्हणाले, "गाडी तुझी, आवाज माझा. असं असंल तर ठीव."

प्रश्न किकचा होता. मामांच्या गुडघ्यांना ती झेपणारी नव्हती. तेवढ्यात हौसामामी चुलीपुढून उठून आल्या, कासोटा आवळला, गाडीच्या उजव्या अंगाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला दाव." जन्मात ज्या बाईने सायकलच्या पायडलला पाय लावला नव्हता, ती किकवर उभी राहिली. दोन-चार वेळा किक उलटून नडगीला बसली. मामींनी गाडीच्या आईचा उद्धार केला. मग इंजिन सुरू झालं आणि त्यांनी रेस अशी काही ओढली की गोठ्याच्या आढ्यावरची कबुतरं उडाली. चंद्राने पान्हा सोडला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.ने गेलो.

नेसरीकडे लोक मला अण्णा म्हणायचे आणि म्हाताऱ्या बायकांना अक्का. रस्ते बरे होते. मी तिकडे रमलो, लग्न झालं, संघाची जीप मिळाली. गाडीची आठवण कधी तरी यायची. बहुतेक वेळा चढावर, जीप घरघरायला लागली की. सणावाराला घरी आलो की गोठ्यात डोकवायचो. कट्ट्यावर जाणं बंद झालं होतं, धार गोठ्यातच निघायची. गाडीचे दातेरी टायर बसले होते, मग मामींनी तिला विटांवर चढवलं होतं. उंच मडगार्डवर कोंबडी अंडी घालायची. पण इंजिन रोज दोन वेळा चालायचं, त्यामुळे आतून ती ठणठणीत होती. अशी वर्षं गेली. चंद्रा आणखी दोनदा व्याली, दोन्ही रेडकं जगली, आणि तरी ती आपल्या रेडकांकडे न बघता गाडीकडेच बघून पान्हवायची. त्या रेड्या मोठ्या झाल्यावर मामांनी विकल्या. एकाहून जास्त जनावरं त्यांच्याने होत नव्हती.

एका भाद्रपदात अप्पांचा फोन आला की चंद्रा गेली. वाईट वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ, फार वेळ न लावता, गाडी आठवली. तिला आता कुणी अडवणारं नव्हतं. मी बायकोला म्हटलं, दिवाळीआधी रजा घेतो, गाडी टायर घालून आणतो, मग दाजीपूरवरून खाली उतरू. ती म्हणाली, मी कशी बसू त्या उंटावर? मी म्हटलं, ओटा शोधू. मी नवं हेल्मेट घेतलं आणि दसऱ्यानंतर ते मांडीवर घेऊनच एस.टी.त बसलो.

घरी पिशवी टेकवली, आणि अप्पांशी धड बोलायच्या आत भिंतीपलीकडून किकचा आवाज आला. मग रेस. मी हेल्मेट हातात घेऊन तसाच गोठ्यात गेलो. हौसामामी कासोटा घालून गाडीपाशी उभ्या होत्या. थकल्या होत्या, किकवर सगळं अंग टाकावं लागत होतं त्यांना. चंद्राची जागा झाडून स्वच्छ केलेली, दावण रिकामी. गोठ्यात एकही जनावर नव्हतं.

"मामी, आता कुणासाठी?" मी विचारलं.

मामींनी रेस थोडी कमी केली आणि आतल्या खोलीकडे हनुवटी केली. "म्हस गेल्याधरनं उठंनात. हातरुणातच पडून. च्या दिला, न्हाय. डाक्टर आणला, न्हाय. पोरानं, सुनंनं पुन्यासनं फोन केला, न्हाय. मग म्या एक दिस ह्यो आवाज दावला." त्यांनी रेस पुन्हा थोडी ओढली. "तवाधरनं उठत्यात. सकाळी आन् सांजच्याला."

आतून काठीचा आवाज आला. दत्तू मामा दारात आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात धारेची बादली. दावणीपाशी येऊन ते बाजेवर बसले, बादली पायाशी ठेवली आणि गाडीकडे कान दिला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं, आणि माझ्या हाताकडे.

"आलास व्हय. टोपडं घालून बसलातास काय येष्टीत?"

"व्हय मामा. ड्रायव्हरचा भरवसा न्हवता."

ते हसले. दात राहिले नव्हते. इंजिन तेवढ्यात फटफटलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. मामांचं हसू जागच्या जागी थांबलं. मामी टाकी हलवून बघत म्हणाल्या, "प्याट्रोल सपलं वाटतं."

मी हेल्मेट चंद्राच्या खुंट्याला अडकवलं, कोपऱ्यातला कॅन उचलला आणि पंपाकडे चालत निघालो.